लाटेची वीण, जाड लोकर आणि आपले तास

आमच्या गटाच्या बायकांनी विणलेली लाटांची केप पाहून बऱ्याच जणींनी विचारलं, "ती कशी केली ते रेडिओवर सांगा की." आज तेच सांगतो. कागद-पेन्सिल जवळ घ्या, मधे आकडे येणार आहेत.

कुणी म्हणेल, धाराशिवच्या बायकांना समुद्र कुठून आठवला? आपल्याकडे उन्हाळ्यात हंडाभर पाण्याची मारामार! पण तुळजापूरला आराधी बायकांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते ना? ती कवडी समुद्रातलीच. आणि आपलं तेर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक पुस्तकात त्याचं नाव तगर असं येतं. इथलं जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून वाईट रस्त्यांनी भडोचच्या बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. तेव्हा जाड माल आणि समुद्र, दोन्हींशी आपली ओळख जुनी आहे.

वीण मात्र शेटलंडची. स्कॉटलंडच्या उत्तरेची ही बेटं, थंड, वाऱ्याची. तिथल्या बायका या विणीला 'ओल्ड शेल' म्हणतात. किनाऱ्यावर एकामागून एक लाट यावी तशी ती दिसते. त्या बारीक लोकरीत शाली विणतात. आम्ही जाड लोकर घेतली, कारण टाके कमी लागतात, काम लवकर दिसतं आणि नव्या बाईचा हुरूप टिकतो.

जाड लोकर आपल्या बाजारात सहसा मिळत नाही. साधी अॅक्रिलिकची लोकर तीनपदरी धरा, झाली जाड. सगळी मिळून ३०० ग्रॅम धरून चाला. काही जणींनी विचारलं, धनगरांकडची लोकर का नाही? दख्खनी मेंढीची लोकर आखूड आणि खरबरीत असते. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण मानेला टोचते.

सुई ८ किंवा ९ मिलिमीटरची, मधे वायर असलेली घ्या, कारण टाके दीडशे आहेत. सैल हातानं १५० टाके घाला. दोन्ही कडांचे तीन-तीन टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणायचे. मधल्या १४४ टाक्यांत १८ टाक्यांचा नमुना आठ वेळा बसतो. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरी ओळ म्हणजे खरी लाट: दोन-दोन टाके एकत्र विणा, असं तीनदा, मग धागा सुईवर घेऊन एक टाका सुलट, असं सहादा, पुन्हा दोन-दोन एकत्र, तीनदा. एक नमुना झाला. चौथी ओळ उलट्या बाजूनं येते, तरी सुलटच विणायची. लाटेवरचा उंचवटा त्यानंच येतो.

प्रत्येक तिसऱ्या ओळीनंतर टाके मोजा. १५० भरले तर पुढं, नाही तर तिथंच शोधा. चार ओळी वर गेल्यावर ती चूक सापडत नाही, उसवावंच लागतं.

या चार ओळी दहा वेळा झाल्या की जाळी पुरे. आता खांदा. मधल्या टाक्यांत दोन सुलट, दोन एकत्र, असं ओळभर करा. कडांसह ११४ राहतील. सहा ओळी साध्या, एक सुलट-एक उलट. मग एक सुलट, दोन एकत्र, ७८ राहतील. परत सहा ओळी साध्या, परत एक सुलट, दोन एकत्र, ५४ उरतील. चार ओळी विणून सैल हातानं टाके बंद करा. खालची कड आपोआप नागमोडी होते. इस्त्री टेकवू नका, वरून नुसती वाफ द्या.

गळ्याशी कवडी लावायची की नाही, यावर गटात चांगलाच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, देवीची खूण बटण म्हणून नको. ते पटलं. आम्ही करवंटीचं बटण लावलं.

केप साडीवर बरी बसते, पदर चुरगळत नाही, अंगावर पाजणाऱ्या बाईलाही सोयीची. पण चुलीपुढं ती काढून ठेवा. अॅक्रिलिक पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं. विकतानाही अॅक्रिलिक आहे असंच सांगा, 'शुद्ध लोकर' म्हणून खपवू नका.

आता दामाचं. त्याच शेटलंडमध्ये दुकानदार विणकर बायकांना पैशाऐवजी चहा नि कापड द्यायचे. १८७२ मध्ये सरकारनं चौकशी केली, तेव्हा बायकांनी तसं साक्षीत सांगितलं. जगात गाजलेल्या शाली, आणि विणणारीच्या हाती रोकड नाही! आम्हालाही एक व्यापारी म्हणाला, नगामागं ८० रुपये देतो, लोकर तुमची. आम्ही मांडून बघितलं. समजा लोकर २५० रुपयांची, बटण १० चं. हात बसलेल्या बाईला आठ-दहा तास लागतात. तासाला ३० रुपये धरले, आणि हे काही फार नाही, तरी दहा तासांचे ३००. म्हणजे ५६० च्या खाली केप देणं म्हणजे घरचं घालून विकणं. त्या व्यापाऱ्याला नमस्कार केला.

"संध्याकाळी टीव्हीपुढं बसून तर विणतो, त्याचे कसले तास?" असं आमच्यातलीच एक म्हणाली. आता प्रत्येकीच्या वहीत बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहिलेली असते, आणि तिचीच वही सगळ्यांत नीट आहे.

थंडी सुरू व्हायच्या आत निदान एक नमुना विणून बघा. गटाच्या पुढच्या बैठकीला सुया आणि वही, दोन्ही घेऊन या.