बिनदुर्बिणीचे आकाश



"सर, आपल्या शाळेत दुर्बीण नाही. मग आकाशाचा अभ्यास कसा करायचा?" आठवीतल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

प्राचीन मेक्सिकोच्या लोकांजवळ दुर्बीण नव्हती, लोखंडही नव्हते. तरी त्यांनी ३६५ दिवसांचे वर्ष बसवले. २० दिवसांचे १८ महिने आणि शेवटी ५ दिवस. जोडीला २६० दिवसांचे धार्मिक चक्र होते. दोन्ही चक्रांचा आरंभ पुन्हा एकाच दिवशी यायला ५२ वर्षे लागत. विद्यार्थ्यांनी ३६५ आणि २६० यांचा लसावि काढून पडताळा घ्यावा.

हे सारे कशासाठी? पोटासाठी. आपला रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो आणि सर्व ऋतूंतून फिरतो, कारण ते वर्ष चंद्राचे. मक्याच्या पेरणीला मात्र सूर्याचाच हिशेब लागतो.

मेक्सिकोच्या खोऱ्यात पूर्वेला डोंगरांची रांग आहे. एकाच जागेवरून रोज पाहिले तर सूर्योदयाची जागा सरकताना दिसते. डिसेंबरात ती दक्षिण टोकाला, जूनमध्ये उत्तर टोकाला असते. म्हणजे डोंगररांग हेच पंचांग! तेथील त्लालोक पर्वतावर, ४००० मीटरहून अधिक उंचीवर, एक लांब दगडी वाट आहे. २३-२४ फेब्रुवारीला सूर्य नेमका तिच्या रेषेत उगवतो, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे.

सोचिकाल्को येथे दुसरी युक्ती आहे. गुहेच्या छताला एक उभे भोक पाडलेले आहे. ३० एप्रिल ते १३ ऑगस्ट, असे सुमारे १०५ दिवस त्यातून ऊन आत येते. उरलेले २६० दिवस येत नाही. मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैअखेरीस, सूर्य थेट डोक्यावर आला की भर दुपारी उन्हाचा झोत सरळ खाली पडतो.

आता गंमत पाहा. सोचिकाल्को आणि आपली मुंबई यांचे अक्षांश जवळजवळ एकच, सुमारे १९ अंश उत्तर. त्यामुळे तोच सूर्य त्याच सुमारास आपल्याही डोक्यावर येतो. जुलैत आपल्याकडे ढग असतात; पण मेच्या सुट्टीत अंगणात एक सरळ काठी रोवा आणि रोज दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजून वहीत लिहा. एके दिवशी ती जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल.

पालकहो, असे ज्ञान एका दिवसात किंवा एका माणसाच्या हातून पुरे होत नाही. कुणीतरी पहाटे उठून पाहिले, कुणीतरी लक्षात ठेवले आणि पुढच्या पिढीला शिकवले. नोंद मध्येच तुटली असती, तर पंचांग झालेच नसते. म्हणून मुलगा असो वा मुलगी, त्यांची वही मध्येच बंद करू नका. दुर्बीण आपण पुढे-मागे घेऊच. काठी, वही आणि धीर तर आजही घरात आहे.