बसल्या बसल्या विणलेली टोपी

(मालवण तालुक्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



मला आज लहान बाळाच्या लोकरी टोपीबद्दल बोलायचं आहे. काहीजणींना हसू आलेलं दिसतंय. बरोबर आहे, आपल्याकडे बारा महिने घामाच्या धारा, आणि ही बाई लोकर घेऊन आली.

गेल्या पावसाळ्यात मासेमारी बंद असताना आमच्या गटात विणकामाचा वर्ग झाला. तो आम्ही मागितला नव्हता. बायकांसाठी प्रशिक्षण म्हटलं की यादी ठरलेलीच असते: शिवण, विणकाम, मेंदी, लोणची-पापड. आम्हाला बाजारात बसायला शेड हवी होती, मासळीसाठी बर्फ हवा होता. मिळाल्या सुया. तरी चौदा जणी आल्या, बहुतेक मासळी विकणाऱ्या. सुया मलाही धरता येत नव्हत्या, म्हणून मीही त्यांच्यात शिकायला बसले.

नवशिक्या बाईनं टोपीच का करावी? स्वेटरसारखी तिला बाही नाही, गळा नाही. एक सरळ पट्टी विणायची आणि शिवायची. नवजात बाळाचं डोकं साधारण १३ ते १४ इंच घेराचं असतं. वीण ताणते, म्हणून पट्टी १२ इंच पुरते. आधी छोटा नमुना विणून इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. आमचे सहा बसले, म्हणजे ७२ टाके. पहिला दीड इंच दोन सुलट, दोन उलट, म्हणजे कड डोक्याला धरून राहते. पुढे एक ओळ सुलट, एक उलट. साधारण सहा इंच झाले की शेवटच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणायचे. उरलेल्या ३६ टाक्यांतून मोठ्या नाकाच्या बोथट सुईनं लोकर ओवून ओढून घ्यायची, आणि मागची शिवण घालायची. बंद लावू नका, ते बाळाच्या गळ्याशी आवळतात.

सांगायला एवढंच. प्रत्यक्षात माझे ७२ टाके चौथ्या ओळीत ७७ झाले होते. सगळ्यांचीच पहिली चूक एक होती, टाके घट्ट आवळायचे. शेजारची काकी म्हणाली, "माका जमाचा नाय गो बाय." पहाटे लिलावात उभी राहून पाटीचा हिशेब तोंडी करणारी ही बाई! तिची टोपी नारळावरसुद्धा चढेना. तिनं ती पूर्ण उसवली, लोकर गुंडाळली आणि पुन्हा घातली. दुसऱ्या खेपेस आमच्यात सगळ्यात सारखी वीण तिची होती.

विणताना एकीचा नवरा दारात जाळं दुरुस्त करत बसलेला दिसे. त्याच्याही हातात दोराच. त्याला कोणी हाक मारली तर घरचेच सांगत, "ते कामात आहेत." तिला मात्र विणता विणता चार वेळा उठावं लागे. पुरुष विणतो ते काम आणि बाई विणते तो विरंगुळा, हे ठरवलं कुणी? युरोपातल्या शहरांत एके काळी हातविणकामाचे कारागीर-संघ होते आणि त्यांत मुख्यतः पुरुष होते. इंग्लंडमध्ये तर १५७१ साली कायदा झाला की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसानं रविवारी आणि सणाला लोकरी टोपी घातलीच पाहिजे. टोपी विणणाऱ्यांचा धंदा वाचावा म्हणून! १५९७ साली तो रद्द झाला. म्हणजे टोपी विणणं हा एवढा मोठा धंदा होता की त्याच्यासाठी राज्य कायदा करत होतं.

आमच्या टोप्या बऱ्या व्हायला लागल्या तसा एक व्यापारी आला. लोकर त्याची, नगाला ३५ रुपये. बायका खूश. मी विचारलं, एका टोपीला किती वेळ लागतो? कुणालाच सांगता येईना. "बसल्या बसल्या होता मां, तेचे कसले तास मोजूचे?" मग आम्ही आठवडाभर वहीत लिहिलं. हात बसलेल्या बाईला चार तास लागत होते. म्हणजे तासाला पावणेनऊ रुपये, आठ तास विणलं तर ७०. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये आपल्या राज्यात दिवसाला २९७ रुपये होती. वहीतला आकडा वाचल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मारिया मीस यांचं नाव काहीजणींना माहीत असेल. या जर्मन अभ्यासक काही वर्षं पुण्यात जर्मन शिकवत होत्या. आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. त्या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-आठ तास विणत, त्यांची लेस परदेशी जाई, आणि व्यापार पुरुषांच्या हातात. बायकांना मात्र सगळे, त्या स्वतःसुद्धा, घरी बसणाऱ्या गृहिणीच म्हणत. वाचताना मला आमची वही आठवली.

पण एक खरं सांगते. तासांचा हिशेब धरून भाव लावला तर आमची टोपी विकली जात नाही. यंत्रावरची शेजारच्या दुकानात स्वस्त मिळते. तेव्हा विणकामातून रोजगार मिळेल असं कुणी बायकांना सांगू नये, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी. व्यापाऱ्याला आम्ही नाही म्हणालो. दोघीजणी नाराज झाल्या. त्यांना तेही पैसे हवे होते, आणि त्यांचं मी चूक म्हणू शकत नाही. त्या अजून त्याला टोप्या देतात, पण नग मोजतात तसे तासही लिहितात.

बाकीच्या अजून विणतो, त्या बाळांसाठी. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, आणि डोकं उघडं असेल तर जास्तच. अशा बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला सांगतात, तेव्हाही डोक्यावर टोपी लागते. मात्र घामानं भिजलेली टोपी डोक्यावर ठेवू नये.

आणि सुया हातात असल्या की बायका बोलतात, मान खाली असते म्हणून असेल. एका संध्याकाळी एकीनं विणता विणता घरातल्या मारहाणीचं सांगितलं. दोन वर्षं गटात येत होती, कधी बोलली नव्हती. त्या रात्री तिच्याबरोबर घरापर्यंत चौघीजणी गेल्या.

बाजारातल्या शेडचा अर्ज परत दिला आहे. या वेळी त्याला वहीची पानं जोडली आहेत, पहाटेच्या लिलावापासून रात्रीच्या टोपीपर्यंत कुणाचे किती तास जातात ते. तुमच्या गावातही अशी वही सुरू करायची असेल तर शनिवारी या. सुया घरून आणा, लोकर गटाकडे आहे.