खोल विहिरींचे पोलादी कवच

चीनच्या ताकलामाकान वाळवंटातील 'शेनदीताके-१' या विहिरीचे खोदकाम २०२५ मध्ये १०,९१० मीटरवर पूर्ण झाले. अशा विहिरीच्या भिंती ढासळू नयेत म्हणून पोलादी नळ्या उतरवून त्यांच्याबाहेर सिमेंट भरतात. ही केसिंग. तिच्या आतली बारीक नळी म्हणजे ट्युबिंग. तेल आणि वायू वर येतात ते तिच्यातून.

बाहेरून खडकातील द्रवांचा दाब, आतून वायूचा दाब आणि वर स्वतःचे वजन, असा या नळ्यांवर तिहेरी भार असतो. 'पी-११०' प्रतीचे पोलाद दर चौरस इंचाला किमान १,१०,००० पौंड ताण सोसते. तरी त्याची एकसारख्या जाडीची नळी हवेत लटकवली, तर सुमारे पावणेदहा किलोमीटर लांबीला ती स्वतःच्याच वजनाने कायमची ताणली जाऊ लागेल. म्हणून १,२५,००० पौंडांची 'क्यू-१२५' आणि त्याहून बळकट पोलादे आली.

मात्र विहिरीत हायड्रोजन सल्फाइड वायू असेल, तर त्यातून सुटणारा हायड्रोजन पोलादात शिरतो आणि अतिकठीण नळी अचानक तडकते. त्यामुळे आधी विहिरीतला वायू तपासायचा आणि मगच पोलाद ठरवायचे. केवळ ताकद पाहून केलेली निवड धोक्याची ठरते.