लपवलेल्या गोळ्या



रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत घेतो. मनाच्या आजाराची गोळी मात्र पाकिटातून काढून दुसऱ्याच डबीत ठेवली जाते. माझ्या नैराश्याच्या आजारात आमच्या घरीही तसंच होतं. लोक काय म्हणतील, मुलीची सोयरीक कशी जमेल, ही धास्ती आजाराइतकीच छळायची. आणि त्याहून वाईट म्हणजे, 'मीच कमकुवत आहे' असं मला स्वतःलाही पटलं होतं.

अशा वेळी डॉ. जगन्नाथ वाणींसारख्या माणसाचं मोल कळतं. ते मूळचे धुळ्याचे; कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा घरचं दुःख त्यांनी झाकून ठेवलं नाही. १९९७ साली त्यांच्या पुढाकाराने पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' सुरू झाली. रुग्णांच्या नातेवाइकांना आपल्यासारखीच दुसरी माणसं भेटू लागली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या 'देवराई' या चित्रपटामागेही वाणीच उभे होते. त्यात आजारी नायक शेष याच्याइतकीच त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची ओढाताण दिसते.

आजाराची माहितीपत्रकं वाचून भीती थोडी कमी होते. पण निफाडचा एखादा बागाईतदार किंवा सातपूरच्या कारखान्यातला सहकारी जेव्हा सांगतो, 'मी यातून गेलोय, औषध चालू आहे, कामही चालू आहे', तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनातली अढी सुटते. घरी गप्प बसलेल्या भावाकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

नैराश्याचा हा आजार कुणाच्याच वाट्याला येऊ नये. मला मात्र त्याने माणसं वाचायला शिकवलं. कामात मागे पडणाऱ्याला मी आता चटकन आळशी ठरवत नाही. आधी विचारते, 'झोप लागते का रे?' वेळेवर झोप, वेळेवर जेवण आणि गरज पडली की मदत मागणं, यात मला कमीपणा वाटत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा आपला हक्क मानला आहे. 'टेली मानस' या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही. तुमच्या घरात कुणी कोमेजत असेल, तर नवस-उताऱ्यात महिने घालवू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि तुम्ही स्वतः यातून सावरला असाल, तर विश्वासाच्या एका माणसाला तरी ते सांगा. त्याच्या घरीही कुणीतरी गोळ्या लपवत असेल.