जुन्या स्टिरिओला पहिला पैसा कोठे लावावा?



कामगारांच्या सभेत मागण्यांची यादी करायला घेतली की दहा मागण्या सहज निघतात. त्यांवर कोणाचे दुमत नसते. भांडण होते ते पहिली मागणी कोणती, यावर. कारण पदरात पडली तर तीच पडेल, हे सर्वांना ठाऊक असते. माझे सारे आयुष्य या भांडणात गेले. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांनी “कोणत्याही विषयावर बोला, पण संपावर नको” असे सांगितले, तेव्हा मी माझ्या दुसऱ्या व्यसनाचा विषय निवडला. प्रश्न मात्र तोच आहे: घरात जुना स्टिरिओ आहे, खिशात थोडे पैसे आहेत, तर पहिली सुधारणा कोणती करावी?

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, असे कोणी समजू नये. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बोनसच्या पैशांतून, सोसायटीच्या कर्जातून पुष्कळ कामगारांनी रेकॉर्ड-प्लेअर घेतले. कोणाचा मुलगा आखातात होता, त्याने येताना जपानी ॲम्प्लिफायर आणला. आज ती यंत्रे कपाटावर चादर पांघरून बसली आहेत आणि खाली खोक्यात वडिलांच्या रेकॉर्डी आहेत. आता रेकॉर्डींना पुन्हा दिवस आले, म्हणून नातू ते सारे खाली काढतो. दुकानदार सांगतो, “हे सगळे मोडीत काढा.” शेजारी सांगतो, “ॲम्प्लिफायर बदला.” आणि निवृत्त माणसाचे पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

प्रथम यंत्राची साखळी पाहू. रेकॉर्डवरच्या खाचेत सुई फिरते. तिची थरथर कार्ट्रिजमध्ये विजेत रूपांतरित होते. ही वीज अगदी क्षीण, चुंबकी कार्ट्रिजमध्ये एक व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट. ॲम्प्लिफायर तिला वाढवितो आणि स्पीकर तिची पुन्हा थरथर करून हवेत सोडतो. म्हणजे दोन टोकांना हालचाल आणि मध्ये वीज. हे ध्यानात ठेवा, कारण झीज हालणाऱ्या वस्तूची आधी होते. गिरणीत काय आणि घरात काय, नियम एकच.

आता या विषयात दोन मोठे पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, स्पीकर आधी. अमेरिकेत एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ साली ॲकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखविला. फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकमंडळींना रंगमंचावर बसवून त्यांनी जाहीर प्रयोग केले. वादक वाजवीत, मध्येच नुसते वाजविल्याचे सोंग करीत, आणि आवाज स्पीकरांतून येई. बदल केव्हा झाला, हे पुष्कळ श्रोत्यांना ओळखता येत नसे. या पक्षाचे म्हणणे असे की, ॲम्प्लिफायर-ॲम्प्लिफायरमध्ये फरक असतो तो थोडा. स्पीकर-स्पीकरमध्ये असतो तो जमीन-अस्मानाचा.

दुसरा पक्ष स्कॉटलंडचा. ग्लासगो येथे आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७३ साली लिन कंपनी काढली आणि उलट बाजूने डंका पिटला: टर्नटेबल आधी. जे खाचेतून उचललेच गेले नाही, ते पुढे कितीही मोलाचा स्पीकर लावला तरी कोठून येणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून, हाच तो युक्तिवाद.

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघेही धडधाकट यंत्राबद्दल बोलत आहेत. आपल्या कपाटावरचे यंत्र चाळीस-पन्नास वर्षांचे आहे. त्याला हा न्याय जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून मी तीन प्रश्न विचारतो, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा मानतो. पहिला: फुकटात काय सुधारते? दुसरा: कशाच्या दिरंगाईने भरून न येणारे नुकसान होईल? तिसरा: त्यानंतर कशाने कानाला सर्वांत जास्त फरक जाणवेल?

फुकटाचे आधी. स्पीकरच्या तारा तपासा. एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी जोडली असेल तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबले असतील तर तबल्याचा डग्गा घुमतो. ते भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि त्यांची उंची बसलेल्या माणसाच्या कानाशी आणा. रेकॉर्ड-प्लेअर स्पीकरच्याच फळीवर असेल तर तो आधी हलवा, नाही तर स्पीकरचा हादरा पुन्हा सुईत शिरतो. आपल्या घरांत फरशी उघडी, भिंती उघड्या. जमिनीवर एक जाड सतरंजी अंथरली तरी आवाजातला कर्कशपणा कमी होतो. एवढे केल्यावर पुष्कळांना पैसे काढावेसेच वाटत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मग वेग. याला आपल्याकडे उत्तम मोजपट्टी आहे, ती म्हणजे तंबोरा. ख्यालाची रेकॉर्ड लावा आणि गायकाकडे लक्ष न देता मागच्या तंबोऱ्याकडे द्या. षड्ज डोलू लागला तर रबरी पट्टा सैल झाला आहे किंवा जुने ग्रीस थिजले आहे. आणि अमेरिकेहून आलेले यंत्र असेल तर आणखी एक मेख आहे. तेथील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट जुळतात, हर्ट्झ जुळत नाहीत. विजेच्या ठेक्यावर चालणारी मोटर असेल तर ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड मिनिटाला २८ फेऱ्यांहूनही कमी वेगाने फिरते आणि काळी चारचा गायक पांढरी चारच्या आसपास उतरतो. तेथे मोटरवरची पुली बदलावी लागते.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा. स्पीकर वाईट असेल तर आवाज वाईट येतो. उद्या चांगला लावला की चांगला येईल. ॲम्प्लिफायर बंद पडला तर गाणे थांबते. रेकॉर्ड शाबूत राहते. पण झिजलेली सुई प्रत्येक फेरीत रेकॉर्डची खाच खरवडते. ती खाच कोणताही मिस्त्री पुन्हा भरून देऊ शकत नाही. म्हणून रेकॉर्डी वाजविणाऱ्याने पहिला पैसा सुईला लावावा. तिची कसर अखेर रेकॉर्डलाच भरावी लागते.

हिशेब करून पाहा. लाँग-प्ले रेकॉर्डची वीस मिनिटांची एक बाजू वाजताना सुई चारशे मीटरांहून अधिक चालते. म्हणजे तासाला सव्वा किलोमीटर. हिऱ्याच्या साध्या सुईचे आयुष्य साधारण ५०० तासांच्या आसपास धरतात. तेवढ्यात ती सहाशे किलोमीटर चाललेली असते, मुंबईहून निघून पणजीच्याही पुढे. आणि हे सारे अनवाणी, प्लॅस्टिकच्या खाचेत टोक रुतवून. रोज एक तास ऐकणाऱ्याची सुई दीड वर्षात निवृत्तीला आली, असे समजावे. तुमची सुई मागच्या पिढीत बसविलेली असेल आणि तिचे तास कोणी मोजलेले नसतील, तर तपासत बसू नका, बदला. खूण हवी असेल तर रेकॉर्डच्या शेवटच्या, आतल्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ ऐका. ते फाटके, खरखरीत येत असतील तर सुई गेली.

येथे तीन पथ्ये आहेत. पहिले, बहुधा पूर्ण कार्ट्रिज बदलण्याची गरज नसते. पुष्कळ कार्ट्रिजांची सुई चिमटीने ओढून बदलता येते. शुअर या अमेरिकन कंपनीने २०१८ साली कार्ट्रिज बनविणे थांबविले, तरी जपानची जिको कंपनी अशा अनेक जुन्या कार्ट्रिजांच्या सुया करते. सुई मिळतच नसेल तर कार्ट्रिज घ्या. पण हाताच्या टोकाला अर्ध्या इंचावर दोन स्क्रूंची प्रमाणित जागा आहे ना, ते आधी बघा. दुसरे, जुन्या साध्या रेकॉर्ड-प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज असते. त्याची वीज चुंबकी कार्ट्रिजच्या कितीतरी पट असते. त्या जागी चुंबकी बसविले तर ॲम्प्लिफायरला ‘फोनो’चे वेगळे तोंड असावे लागते, नाही तर आवाज चिरका आणि क्षीण येतो. तिसरे, वजन. चुंबकी सुईला बहुधा दीड ते दोन ग्रॅम भार लागतो. नेमका आकडा तिच्या कागदावर असतो. भार जास्त झाला तर खाच दबते. पण कमी झाला तरी धोकाच. सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती ठेचते. छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्यावा.

आणि घरात आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डी असतील तर त्यांवर लाँग-प्लेची सुई फिरवू नका. जुनी खाच रुंद. तिला तीन हजारांश इंच गोलाईचे टोक लागते. लाँग-प्लेचे टोक त्याच्या चौथाईहूनही बारीक. ते तळाशी लोळते, खरखर करते आणि स्वतःही झिजते.

आता तिसरा प्रश्न. सुई झाली, पैसे उरले. तेव्हा मी स्पीकरवाल्या पक्षात जातो. जाळी काढून कोनाच्या भोवतीची कड बोटाने हलकेच चाचपा. फोमची कड पंधरा-वीस वर्षांत कुजते, आपल्या दमट किनाऱ्यावर आणखी लवकर. कड भुगा झाली असेल तर स्पीकर फेकू नका. नवी कड बसवून मिळते आणि नव्या स्पीकरपेक्षा पुष्कळ स्वस्तात काम होते. कापडाची किंवा रबराची कड असेल तर ती बहुधा अजून कामावर हजर असते. घरात रेकॉर्डी नसून फक्त रेडिओ किंवा मोबाइलचे गाणे त्या यंत्रावर लावायचे असेल, तर सुईचा प्रश्नच नाही. मग पहिला पैसा येथेच.

ॲम्प्लिफायर शेवटी. हे ऐकून दुकानदार नाराज होतात, कारण वॉटचा आकडा विकायला सोपा. पण वीस वॉटचे चाळीस केले तर वाढ होते तीन डेसिबलची, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. आवाज कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. या आकड्यांची फुगवाफुगवी अमेरिकेत इतकी माजली की १९७४ साली फेडरल ट्रेड कमिशनला वॉट कसे मोजावेत याचा नियम करावा लागला. चांगला जुना ॲम्प्लिफायर निरोगी असेल तर त्याचा दोष स्पीकरच्या दोषापुढे किरकोळ असतो. अर्थात तो निरोगी हवा. वर्षानुवर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर एकदम भिंतीच्या प्लगमध्ये खुपसू नका. त्यातले कपॅसिटर सुकलेले असतात. मिस्त्री तो आधी सिरीज बोर्डावर, बल्बमधून चालू करतो. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे हे कळते आणि यंत्र वाचते. स्वतः झाकण उघडण्याचे धाडसही नको, प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांत वीज दडून असते.

आणि म्हणून शेवटी मिस्त्रीबद्दल चार शब्द. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, जुन्या यंत्रांची नाडी ओळखणारे हात हल्ली थोडे उरले आहेत. आपण नव्या डब्याला हजारो रुपये विनातक्रार देतो, आणि पट्टा बदलून, ग्रीस काढून, मोटर तेलपाणी करून देणाऱ्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. त्याच्या एका दिवसाच्या मजुरीत तुमच्या यंत्राची दहा वर्षे वाढतात. ती मजुरी पुरी द्या, आणि जमले तर त्याच्या हाताखाली एखादे पोर शिकते आहे का, तेही विचारा. सुई जपानहून येईल. ती बसविणारा हात येथेच तयार व्हावा लागेल.

तेव्हा क्रम असा: आधी जागा आणि तारा, मग वेग, मग सुई, मग स्पीकरची कड, आणि ॲम्प्लिफायर अगदी अखेर. आज घरी गेल्यावर काही विकत घेऊ नका. फक्त सुई तपासून होईपर्यंत वडिलांची रेकॉर्ड त्या यंत्रावर ठेवू नका, एवढीच विनंती.