ढालीवरचा सेनापती



मुंबईच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे पूर्वीचे नाव 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम' असे होते. त्यातील अल्बर्ट म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे यजमान. त्यांचे घराणे जर्मनीतील कोबुर्ग या नगरातले. आज मला बोलायचे आहे ते जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या या नगराच्या मानचिन्हाविषयी.

सोनेरी ढालीवर एका कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक आणि त्याच्या कानात सोन्याची बाळी, असे हे चिन्ह आहे. युरोपातील गोऱ्या लोकांच्या गावाने ते का स्वीकारावे? कारण हे मस्तक नगराचे रक्षक संत मॉरिशस यांचे मानले जाते. आख्यायिका सांगते, की इजिप्तमधील थीब्जहून आलेल्या रोमन पलटणीचे ते सेनापती होते. स्वधर्मीयांवर शस्त्र चालविण्याची सम्राटाची आज्ञा त्यांनी नाकारली आणि आपल्या सैनिकांसह मरण पत्करले. अन्याय्य आज्ञेपुढे मान न तुकविणारा हा योद्धा शतकानुशतके कोबुर्गच्या ढालीवर विराजमान होता.

आणि याच नगरात काय घडले? 1929 साली नाझी पक्षाला नगरपरिषदेत स्पष्ट बहुमत देणारे कोबुर्ग हे जर्मनीतील पहिले नगर ठरले. 1934 साली संतांचे मस्तक काढून टाकण्यात आले. त्या जागी तलवार आली आणि तिच्या मुठीवर नाझींचा 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकड्यांचा क्रूस. आपल्या मंगल स्वस्तिकाच्या भावाशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. नाझी सत्ता कोसळल्यावर 1945 साली जुने चिन्ह परत आले.

2020 साली पुन्हा वाद उठला. मस्तकाचे चित्रण कृष्णवर्णीयांचा उपमर्द करते, असे काहींचे म्हणणे. तर तो एका संताचा गौरव आहे, असे इतरांचे. दोन्ही बाजूंनी सह्यांची निवेदने निघाली. मात्र 1934 साली सत्तेने चिन्ह पुसले होते. या वेळी नागरिक त्याच्या अर्थाविषयी मोकळेपणाने वाद घालीत होते. हा भेद लहान नाही.

मला या कथेतील एक गोष्ट अस्वस्थ करते. चिन्ह पुसले गेले 1934 साली. त्याचा अर्थ लोकांच्या मनातून त्याआधीच पुसला गेला होता. नगरपालिकेच्या दारावरील ढाल आपोआप कोणाचे रक्षण करीत नाही. तिचा अर्थ प्रत्येक पिढीला नव्याने सांगावा लागतो. आपल्या गावच्या नगरपालिकेच्या चिन्हात काय आहे आणि ते का आहे, हे आपल्या मुलांना सांगता येईल का? हा प्रश्न आज प्रत्येकाने घरी न्यावा, एवढीच विनंती.