भंडारा जिल्ह्यातील भाषा आणि त्या शिकणारी माणसे

तुमसर किंवा मोहाडी तालुक्यातील पोवार कुटुंबातले मूल घरात पोवारी ऐकत वाढते, शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता झाडीबोली उचलते, शाळेत गेल्यावर प्रमाण मराठीशी आणि पहिलीपासूनच इंग्रजीशी त्याची गाठ पडते, पुढे हिंदी हा विषय येतो, आणि मोठेपणी चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीत कामाला लागले, तर पाठ्यपुस्तकाबाहेरची हिंदीही त्याला शिकावी लागते. 1956 पर्यंत हा जिल्हा हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत कारभार चालणाऱ्या मध्य प्रदेशात होता आणि तुमसरची सीमा आजही त्या राज्यातील बालाघाट जिल्ह्याला लागून आहे, त्यामुळे अनेक भाषांत वावरणे येथील माणसाला नवे नाही. जनगणनेत मात्र पोवारीची गणना हिंदीच्या सदराखाली होते, आणि कागदावरच्या आकड्यांतून ही समृद्धी पुरती दिसत नाही.

अनेक भाषा वापरण्याच्या या क्षमतेला बहुभाषकता म्हणतात. एक भाषा पूर्ण करून दुसरी हाती घ्यावी, असा क्रम तिच्यात नसतो. प्रत्येक भाषा तिच्या कामापुरती वाढते, काम वाढले की पसरते आणि काम संपले की आक्रसते. एकाच व्यक्तीची शेतीची भाषा पोवारी, अर्जाची मराठी आणि यंत्राची हिंदी असू शकते, आणि यांपैकी कोणतीही एक अपुरी आहे म्हणून त्या व्यक्तीला भाषेत कच्चे ठरवणे अन्यायाचे आहे.

नवी भाषा शिकताना आधीच्या भाषांचे नियम कामाला येतात. मराठीत ‘त्याने भात खाल्ला’ असे म्हणतात, पण प्रथम पुरुषी ‘मी भात खाल्ला’ या वाक्यात ‘ने’ हा प्रत्यय लागत नाही. हिंदीत मात्र ‘उसने’ आणि ‘मैंने’ या दोन्ही रूपांत तो लागतो. विदर्भातील मराठी भाषक ‘उसने खाया’ बरोबर म्हणतो आणि ‘मैं खाया’ येथे अडखळतो, तेव्हा तो मराठीचा नियम काटेकोरपणे पाळत असतो. शिकणाऱ्याच्या मनात तयार झालेल्या अशा मधल्या, पण नियमबद्ध व्यवस्थेला लॅरी सेलिंकर या भाषावैज्ञानिकाने 1972 मध्ये जे नाव दिले, त्याला मराठीत आंतरभाषा म्हणता येईल. बाजारात ‘मैं खाया’ने काम भागते, म्हणून ते रूप अनेकांच्या तोंडी आयुष्यभर टिकते.

गोंडीभाषक मुलाची अडचण वेगळी आहे. गोंडी द्रविड कुळातील असून तिच्यात पुरुषवाचक नामे एका गटात आणि बाकीची दुसऱ्या गटात पडतात, त्यामुळे तो पलंग, ती खाट आणि ते घर हा मराठीचा लिंगविचार त्या मुलाला शब्दागणिक आत्मसात करावा लागतो, आणि त्याला वेळ लागणारच.

झाडीबोलीचे उदाहरण शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी जिचा अभ्यास आयुष्यभर केला, त्या या बोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ येतो. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘डोळा’चे ‘डोरा’ होते. श्रुतलेखनात मुलाने ‘डोरा’ लिहिले, तर त्यामागे निष्काळजीपणा नसून एक पक्का ध्वनिनियम असतो. मात्र हा नियम उलट दिशेने चालत नाही: ‘डोरा’तल्या ‘र’चा ‘ळ’ करायचा आणि ‘घर’मधला ‘र’ तसाच ठेवायचा, हे मुलाला स्वतःच्या बोलीवरून कळण्याचा मार्ग नाही. नुसते लाल शेरे मारल्यास जिथे ‘र’च हवा तिथेही ते ‘ळ’ घालू लागण्याचा संभव असतो. ही अतिशुद्धी होय. तिच्यावर भरपूर वाचन हा उपाय आहे, कारण तो भेद डोळ्यांनी शिकता येतो.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी बोलचालीची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. स्थलांतरित मुलांबाबत त्यांचे म्हणणे असे, की पहिली सुमारे दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात, आणि मातृभाषेत पक्के झालेले वाचन व विचार नव्या भाषेत उपयोगी पडतात. मूल मैदानात मराठी बोलते, एवढ्यावरून त्याला गणिताचे शाब्दिक उदाहरण समजले असे धरून चालणे म्हणूनच घातक आहे.

जिल्ह्यातील पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी मुलाचे उत्तर प्रथम त्याच्या घरच्या बोलीत ऐकून घ्यावे, बरोबर असल्यास बरोबर म्हणावे आणि मगच तेच वाक्य प्रमाण मराठीत फळ्यावर लिहावे. आणि मराठी किंवा इंग्रजी बिघडेल या धास्तीने पालकांनी घरातील पोवारी, गोंडी वा झाडीबोली बंद करू नये.